रेघा मोजणारा सूक्ष्मदर्शक

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो. मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. मागे एकदा मी ही गोष्ट कपाटातल्या तराजूला सांगितली, तर त्याचा काटा तीन दिवस जागेवर आला नाही.

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. धुळ्यात, पांझरेच्या पलीकडे देवपुरात, एका महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी राहतो. आज विज्ञान दिन म्हणून तुम्ही सातवीची मुलं रांगेनं इथं आलात आणि सरळ त्या पडदेवाल्या नव्या यंत्राकडे धावलात. त्याचं मला काही वाटलं नाही. त्याला पडदा आहे, दिवा आहे, वायर आहे. माझ्याकडे एक पितळी नळी, तीन भिंगं आणि खाली एक गोल आरसा, एवढाच संसार. पण आता वीज गेली आहे आणि ते यंत्र गप्प झालं आहे. तुमच्या बाई चहाला गेल्या आहेत. इथले धनसिंग भाऊ खाली नळावर पाणी भरायला गेले आहेत. माझी गोष्ट सांगायला याहून चांगली वेळ नाही. धनसिंग भाऊ समोर असले की मला ती मोकळेपणानं सांगता येत नाही.

माझा जन्म अंबाल्याचा. माझं भिंग ज्या कारागिरानं घासलं त्याची नजर एवढी तेज होती, की त्याला शेजारच्या गल्लीतल्या मुंगीचा पाय मुरगळलेला दिसायचा. तिथून पेंढ्यात गुंडाळून, खोक्यात घालून, मालट्रकनं मी धुळ्याला आलो. महिना मे होता. पहिल्याच दिवशी सरांनी माझ्याखाली कांद्याचा पापुद्रा ठेवला आणि मुलांना म्हणाले, पेशी बघा. मुलांनी बघितलं तर पेशी गायब. उन्हानं त्या पापुद्र्याची काचेवरच भजी झाली होती. एकानं ती खाल्ली आणि मीठ कमी आहे म्हणाला.

तेव्हापासून मी किती पिढ्यांना काय काय दाखवलं, त्याला गणती नाही. कण्हेरीच्या पानाचा छेद, पावावरची बुरशी, डबक्यातलं हिरवं शेवाळ. सावद्याला केळीचा व्यापार करणारे सुकदेव शेठ आजही घडाकडे बघताना एक डोळा मिटतात. लोकांना वाटतं, ही व्यापाऱ्याची नजर. अहो, ती सवय माझ्याकडची आहे.

आता धनसिंग भाऊंविषयी थोडं सांगायला हवं. ते या प्रयोगशाळेचे परिचर. काचा धुणं, बाटल्या भरणं, किल्ल्या सांभाळणं ही त्यांची कामं. दर जानेवारीत आमच्याकडे डेड स्टॉकची तपासणी होते. म्हणजे एक साहेब जाडजूड रजिस्टर घेऊन येतात आणि महाविद्यालयाची प्रत्येक वस्तू जागेवर आहे की नाही ते बघतात. वस्तू बघितली, हे लक्षात राहावं म्हणून धनसिंग भाऊ आगपेटीची काडी पांढऱ्या रंगात बुडवतात आणि माझ्या पायावर एक बारीक आडवी रेघ ओढतात. माझा पाय घोड्याच्या नालेसारखा वाकडा, काळा आहे. त्यावर एकाशेजारी एक रेघा. भाऊंना नोकरी लागल्यापासून यंदापर्यंत पस्तीस जानेवाऱ्या झाल्या. एकही तपासणी चुकलेली नाही. आता धुळीमुळे त्या रेघा तुम्हाला दिसणार नाहीत, ते एक बरंच आहे.

नवं यंत्र आलं तसा मी कपाटात गेलो. वरच्या कप्प्यात, फुटक्या परीक्षानळ्यांच्या शेजारी. तिथं सहा वर्षं गेली. त्या सहा वर्षांबद्दल मी जास्त बोलत नाही. सांगण्यासारखं तिथं काही घडलं नाही, आणि न घडलेल्या गोष्टी मी कमी सांगतो.

मला बाहेर काढलं मेघानं. ही दोन-अडीच वर्षांपूर्वीची गोष्ट. मेघा चोपड्याची. घरी केळीचे मळे, वडील कौतिक आबा. इथं ती एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिनं तोवर समुद्र पाहिलेला नव्हता, एकदाही नाही, आणि तिला अभ्यास करायचा होता तो समुद्रातल्या शेवाळाचा. मुली तिला हसायच्या. एक जण म्हणायची, तू आधी तापी पोहून दाखव, मग समुद्राचं बघू.

त्या सप्टेंबरात किनाऱ्यावरच्या एका संशोधन संस्थेकडून तिला टपालानं एक बाटली आली. बोटाच्या पेराएवढी, तळाशी चिमूटभर पांढरा गाळ. गाळ दक्षिण ध्रुवाभोवतीच्या थंडगार समुद्राचा होता, स्वच्छ करून पाठवलेला. सहा महाविद्यालयांतल्या सहा विद्यार्थ्यांना अशा सहा बाटल्या गेल्या होत्या. पत्रात लिहिलं होतं, की या गाळातली मुख्य डायटमची जात ओळखा, कशावरून ओळखली ते लिहा, आणि आणखी जे काही दिसेल तेही लिहा. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत. डिसेंबरात संस्थेचं जहाज दक्षिणेकडे निघणार होतं आणि त्यावर विद्यार्थ्यासाठी जागा होती एकच. मेघानं याआधी दोनदा अर्ज करून पाहिला होता. पुढच्या वर्षी तिचं वय नियमात बसणार नव्हतं. म्हणजे जे काही व्हायचं ते याच बाटलीत होतं.

नव्या यंत्राचा कॅमेरा तेव्हा दुरुस्तीला नाशिकला गेला होता. मेघा दोन दिवस थांबली, मग तिनं धनसिंग भाऊंकडून किल्ली मागितली आणि मला खाली उतरवलं. भाऊंनी माझ्या स्क्रूला खोबरेल लावलं, आरसा धोतराच्या फडक्यानं पुसला आणि मला खिडकीशी ठेवलं. मी सहा वर्षांनी ऊन पाहिलं. त्या दिवशी मी एवढा चमकलो, की पांझरेच्या पुलावरच्या रिक्षावाल्यांनी डोळ्यांवर हात धरले.

डायटम म्हणजे काय, ते तुमच्यातल्या निम्म्यांना माहीत नसेल. ते पाण्यात राहणारं एका पेशीचं शेवाळ. गंमत अशी, की ते स्वतःभोवती काचेची डबी बनवतं. खाली डबी, वर झाकण, कुंकवाच्या करंड्यासारखं. आतला जीव मरतो, काच उरते. त्या काचेवर नक्षी असते आणि प्रत्येक जातीची नक्षी वेगळी. जात ओळखायची म्हणजे नक्षी वाचायची.

मेघानं गाळातला कण डिस्टिल्ड वॉटरमध्ये ढवळला, एक थेंब पातळ काचेवर वाळवला, स्लाइड तयार केली आणि माझ्याखाली सरकवली. मी बघितलं. लांबट, मधे फुगीर, दोन्ही टोकांना गोलसर अशा काचेच्या डब्या, आणि त्यांच्यावर आडव्या जाड रेघा. ती बराच वेळ डोळा लावून बसली आणि मग म्हणाली, "हे तर आमचं केळीचं पान आहे. फक्त मधला दांडा काढून कडेला लावलाय."

तुम्ही केळीचं पान पाहिलं आहे. मधे जाड दांडा आणि दोन्हीकडे आडव्या शिरा. काही डायटमांच्या काचेला एक बारीक चीर असते. ती मधोमध असली तर ते पानासारखं दिसतं. या जातीची चीर मधे नव्हती, एका काठाला लागून होती. पुस्तकात तशा चिरेच्या चार-पाच बहिणी दिल्या होत्या, सगळ्या ध्रुवाकडच्या थंड पाण्यातल्या आणि दिसायला सारख्या. एका बहिणीचं एक टोक रुंद आणि दुसरं निमुळतं. एक अगदी इवलीशी. त्यांना ओळखायची खरी खूण म्हणजे दहा मायक्रॉनांत किती रेघा बसतात ते. मिलिमीटरचे हजार भाग करा, त्यातला एक म्हणजे मायक्रॉन. त्या इवल्या बहिणीच्या अंगावर दहा मायक्रॉनांत पंधराच्या आसपास रेघा असतात, टोक रुंद असलेलीच्या दहाच्या आसपास.

मेघाची मोजायची रीत तिच्या आबांची होती. कौतिक आबा घडाच्या फण्या मोजतात त्या आधी खालून वर, मग वरून खाली. दोन्ही आकडे जुळले तरच घड गाडीत चढतो. मेघा रेघा डावीकडून मोजायची, मग उजवीकडून, आणि जुळलं तरच वहीत लिहायची. तशा तिनं चाळीस डब्या मोजल्या. पाच, सहा, पाच, सहा, सहा. जाड, दणकट, ठळक रेघा, आणि दर दोन रेघांच्या मधे बारीक छिद्रांच्या दोन ओळी. टोकं दोन्ही सारखी.

काय म्हणालीस? पुढच्या रांगेत वेणीचा शेंडा चावत बसलेली ही मुलगी, तिची मैत्रीण तिला मिसबाह म्हणून हाक मारत होती, ती विचारते आहे की रेघा तिनं मोजल्या की तुम्ही. डोळा तिचा होता, मिसबाह. पण बघितलं मी. आता मधे बोलू नकोस.

तर जात ठरली. फ्रॅजिलॅरिऑप्सिस केर्गुएलेन्सिस. नाव जहाजाएवढं लांब आणि अंग केसाच्या जाडीएवढंही नाही. दक्षिणेकडच्या एका ओसाड बेटावरून ते नाव पडलं आहे. ही जात फक्त दक्षिण ध्रुवाभोवतीच्या समुद्रात असते. तिची काच एवढी जाड, की मेल्यावरही ती विरघळत नाही, सरळ तळाला जाते. तिथं अशा काचांचा थरावर थर साचलेला आहे.

मंगळवार संपला तेव्हा मेघाचं निम्मं काम झालं होतं. बुधवारी स्लाइडमध्ये एक पाहुणा दिसला.

तोही लांबट, पण सडपातळ. रेघा बारीक. आणि त्याची चीर अगदी मधोमध. अख्खं केळीचं पान, दांड्यासकट. मेघानं पुस्तकातली ध्रुवाकडची सगळी चित्रं चाळली. तसा कोणीच नव्हता. तिनं विभागप्रमुख योगेंद्र सरांना बोलावलं. सर मनानं चांगले, फक्त त्यांचा उत्साह थोडा जास्त आहे. त्यांनी माझ्यातून पाहिलं, चष्मा काढून परत पाहिलं, आणि म्हणाले की ही नवी जात आहे, जगात कोणीही न पाहिलेली. मेघा म्हणाली, सर, अजून दोन दिवस बघू. सर म्हणाले, बघ, पण नाव मी ठरवून ठेवतो. शास्त्रात नव्या जातीला गावाचं नाव देता येतं. त्यांनी फळ्यावर लिहिलं, देवपूरेन्सिस. आणि खाली दोन रेघा मारल्या.

मला खरं माहीत होतं. मी खिडकीत उभा होतो, मी सगळं पाहिलं होतं. मेघाला सावध करावं म्हणून मी आरसा तिरपा केला, स्क्रू ढिला सोडला, एकदा तर भिंगावर वाफ धरली. तिला वाटलं, म्हातारा बिघडला. तिनं धनसिंग भाऊंना बोलावून माझा स्क्रू आवळून घेतला. खरं सांगू पाहणाऱ्याचं असंच होतं.

मेघाला स्वस्थ बसवत नव्हतं. तिनं गाळ आणखी पातळ केला, म्हणजे त्यात आणखी पाणी घातलं, आणि पुन्हा मोजलं. ध्रुवावरच्या डब्या चाळीसवरून बारावर आल्या. आणखी पाणी घातलं, तर चारवर. ते बरोबरच होतं. पण पाहुणे आधी सहा होते, मग आठ झाले, मग नऊ. पाणी वाढवलं की सगळे कमी व्हायचे आणि हा वाढायचा. तिनं ते आकडे वहीत एकाखाली एक लिहिले आणि गुरुवारची सगळी दुपार त्यांच्याकडे बघत बसली. सर म्हणाले, असतं असं कधीकधी. पण कसं असतं, ते त्यांनी सांगितलं नाही.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता सर लॅपटॉप घेऊन आले. पत्र त्यांनी तयार करून आणलं होतं. पहिल्याच ओळीत नवी जात, दुसऱ्या ओळीत देवपूर. मेघानं बटण दाबायचं तेवढं बाकी होतं. नवी जात खरी ठरली तर जहाज तिचंच होतं. खोटी ठरली तर संस्थेत तिचं नाव पुन्हा कोणी काढलं नसतं. ती माझ्याजवळ उभी राहिली आणि खिडकीतल्या डिस्टिल्ड वॉटरच्या बाटलीकडे बघत म्हणाली, "सर, हा पाण्यातूनच तर येत नाही?"

सर म्हणाले, ते डिस्टिल्ड वॉटर आहे, त्यात काय येणार.

धनसिंग भाऊ तेव्हा पाठमोरे उभे राहून मोरीत काचा घासत होते. त्यांचा हात थांबला.

इथं तुम्हाला आमच्या गावची एक रीत सांगायला हवी. तुम्ही इथलेच आहात, तुम्हाला ठाऊक आहे, पण गोष्ट नीट सांगायची म्हणून सांगतो. नळाला पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरात रिकामं असं काही ठेवायचं नसतं. हंडे, बादल्या, कुकर, पातेली, दुधाची किटली, लग्नात आलेला आणि कधीच न वापरलेला डबा, सगळं काठोकाठ. धनसिंग भाऊंचा हात पन्नास वर्षं तसाच चालत आला आहे. रिकामं दिसलं की भरायचं. मागच्या नळाच्या दिवशी त्यांनी प्रयोगशाळेतल्या सगळ्या बाटल्या भरल्या होत्या. त्यात खिडकीतली ती एक होती. डिस्टिल्ड वॉटर संपलं होतं, बाटली रिकामी दिसली, भाऊंनी ती भरली. मग ती आठवडाभर उन्हात उभी राहिली. नळाच्या पाण्यात एखाददुसरं शेवाळ असतंच. आठवड्याभरात त्याची मुलं झाली, नातवंडं झाली.

भाऊ बोलले नसते तर कोणाला कळलं नसतं. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना कधी एक शेरा मिळाला नव्हता. त्यांनी हात पुसले आणि वळून आपल्या अहिराणीत म्हणाले, "ताई, ती बाटली मी भरी शे. मांगला नळना दिवसले. रिकामी दिसनी, भरी दिधी."

सर स्टुलावर बसले. त्यांनी शांतपणे विचारलं, की भाऊ, एवढी वर्षं झाली, बाटलीवरचं लेबल तुम्ही वाचत नाही का.

"वाचस ना सर," भाऊ म्हणाले. "पन नळना दिवसले बाटली रिकामी शे का भरेल शे, इतलंच दखास."

मेघानं नवी काच घेतली. तिनं बाटलीतल्या नुसत्या पाण्याचा एक थेंब काचेवर वाळवला, गाळाचा एक कणही न घालता, आणि माझ्याखाली ठेवला. मी बघितलं, तिनं बघितलं, मग सरांनी बघितलं. पानंच पानं, सगळी मधल्या दांड्याची. काठाच्या चिरेचं एकही नाही. ध्रुवाचा पाहुणा आमच्या नळाचा निघाला. सर उठून फळ्यापाशी गेले. देवपूरेन्सिस पुसता पुसता ते म्हणाले, नाव मात्र मी बरोबर दिलं होतं.

साडेदहा झाले होते. हातात दीड तास, आणि मेघाच्या सगळ्या स्लाइड त्याच पाण्याच्या. चांगलं पाणी हवं होतं. आता भाऊ म्हणाले की गाडीच्या बॅटरीत घालतात ते पाणी चालेल का, ते तर सीलबंद असतं. मेघा म्हणाली, धावा. भाऊंनी सायकल काढली. चौकातल्या बॅटरीवाल्या रमजान मामूंनी नेमकं त्या दिवशी दुकान उशिरा उघडलं होतं. भाऊ बाटली घेऊन जिना चढले तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. ती बाटली त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती, तान्हं मूल धरावं तशी. सील मेघाच्या हातात तुटलं. गाळ, थेंब, दिव्यावर वाळवणं, स्लाइड. अकरा पस्तीसला तिनं डोळा लावला. ध्रुवाच्या वीस डब्या आणि पाहुणा एकही नाही.

मग तिनं सरांचं पत्र बाजूला ठेवून स्वतःचं लिहिलं. मुख्य जात ही, तिची चीर काठाला, दहा मायक्रॉनांत रेघा पाच ते सहा, म्हणून ही. आणखी एक जात दिसली होती, ती समुद्राची नसून आमच्या नळाच्या पाण्याची आहे. चूक आमच्या प्रयोगशाळेची. भाऊ म्हणाले, माझं नाव लिहा ताई, प्रयोगशाळेनं काय केलं. मेघानं त्यांचं नाव लिहिलं. लिहिलं असं, की ही चूक आमचे परिचर धनसिंग भाऊ यांनी ओळखून दिली. भाऊंनी ते दोनदा वाचून घेतलं आणि पुन्हा काचा घासायला गेले. अकरा छप्पन्नला पत्र गेलं.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. मुख्य जात सहाही जणांनी बरोबर ओळखली होती. संस्थेनं सगळ्यांच्या स्लाइड मागवून तपासल्या. प्रत्येकीत काही ना काही आगंतुक सापडलं, कोणाच्या पाण्यातलं, कोणाच्या फडक्यावरचं. पाच जणांनी त्याबद्दल काही लिहिलं नव्हतं. एकीनंच, काय कुठून आलं ते लिहिलं होतं. जहाजाची जागा मेघाला मिळाली. कौतिक आबांनी चोपड्याहून केळीचा अख्खा घड पाठवला. धनसिंग भाऊंनी त्याच्या फण्या आधी खालून मोजल्या, मग वरून.

मित्रांनो, आता खरी गोष्ट. इथवर तुमचा विश्वास बसला असेल, पुढे बसणार नाही.

निघायच्या दिवशी मेघा माझ्याजवळ आली आणि म्हणाली, ज्यानं ती काच ओळखली त्याला तिचं घर दाखवायला हवं. तिनं मला तिच्या शालीत गुंडाळलं आणि मी जहाजावर चढलो. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. तिथं तेव्हा सूर्य मावळतच नाही, त्यामुळे माझ्या आरशाला चोवीस तास काम. पहिला हिमनग दिसला तो चोपड्याच्या जिनिंगमधल्या कापसाच्या ढिगासारखा, फक्त त्यात सरकी नव्हती. लाटा एवढ्या उंच, की जहाज वर गेलं की मला धुळ्याजवळचा लळिंगचा किल्ला दिसायचा. एकदा मी टेबलावरून सरकून थेट पाण्यात पडलो. तळाशी त्या काचांचा पांढरा गालिचा पसरलेला होता, डोळा जाईल तिथवर. मी तिथं तासभर उभा राहिलो आणि रेघा मोजल्या. सगळीकडे पाच नाहीतर सहा. मग एका माशानं मला तोंडात धरून वर आणलं. जाता जाता त्यानं माझ्यातून एकदा बघितलंही.

हे सगळं मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. धनसिंग भाऊंच्या मोबाइलवर मेघाचे फोटो यायचे, ते भाऊ कपाटाच्या दाराशी उभे राहून बघायचे, तसं मी काही फोटोत पाहिलेलं नाही. साहजिकच त्या जानेवारीच्या तपासणीला मी इथं नव्हतो. म्हणून त्या वर्षाची रेघ माझ्या पायावर नाही. पस्तीस जानेवाऱ्या, पण रेघा चौतीस. मोजत बसायची गरज नाही, माझ्या शब्दावर विश्वास ठेवा.

मेघा आता समुद्रकाठी नोकरीला आहे. आणि मी परत इथं. वर्षातून एकदा, विज्ञान दिनाला, मला टेबलावर आणून ठेवतात. उद्या मी पुन्हा वरच्या कप्प्यात असेन. त्याबद्दल तक्रार नाही. पण मित्रांनो, तुम्हाला एक विनंती आहे. जुनी वस्तू निरुपयोगी झाली असं समजू नका. तिच्यावर धूळ बसलेली असते, इतकंच. घरी आजोबांचं घड्याळ असेल, आजीचं शिवणयंत्र असेल, त्याची धूळ पुसा. ओल्या फडक्यानं नको, गंज चढतो. कोरडं, मऊ कापड घ्या. पायापासून सुरुवात करा आणि हलक्या हातानं वर या. काचेला बोट लावू नका. असं कोणी पुसलं की आम्हाला फार बरं वाटतं. माझी तर कित्येक महिन्यांत कोणी—

मिसबाह, तू का उठलीस? बस ना. हो, ओढणी चालेल, मऊ आहे. हलक्या हातानं. हां, पायापासूनच. छान. तुझा हात मेघासारखा आहे. पण तिथं झालं आता, तेवढं पुरे, वर ये. वर नळीवर जास्त धूळ आहे. अगं, नख कशाला टेकवतेस? ओठ का हलतायत तुझे?

तिनं डावीकडून सुरुवात केली आणि नालेच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेली. मग तिथून उलटी परत आली. बाकीची मुलं माना पुढे करून बघत होती. जिन्यावर बादल्यांचा आवाज आला, धनसिंग भाऊ वर येत होते.

"पस्तीस," मिसबाह म्हणाली. "दोन्हीकडून पस्तीस. आजोबा, जहाज गेलं तेव्हा तुम्ही कपाटात होता."